कुंडीतली किल्ली

१

मेलेल्या झाडाच्या मुळांत किल्ली सापडली, आणि ज्या माणसाचा सगळा जन्म किल्ल्या घासण्यात गेला, तो ती हातात घेऊन भर सकाळी जिन्याच्या पायरीवर नुसता बसून राहिला.

झाड त्यांच्या बायकोचं होतं. रुंद पानांचं, दाराबाहेरच्या कोपऱ्यात मोठ्या कुंडीत ठेवलेलं. बायको वारली आणि पाण्यावाचून झाडही हळूहळू गेलं. ‘आता ते लाकूड तरी काढा तिथनं,’ असं बहिणीने शंभरदा टोकलं, तेव्हा कुठे त्यांनी कुंडी उलटी केली. मातीचा गड्डा फुटला आणि आतून एक मळकट निळा रबरी पट्टा डोकावला. पट्ट्याला लॅचची किल्ली होती.

ही किल्ली कुणाची हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. थोरली मुलगी सतरा वर्षांची असताना घर सोडून गेली, ती हीच किल्ली घेऊन. त्याला आता सहा वर्षं झाली होती.

तासाभराने ते फौजदारबाईंच्या घरी पोचले. बाई नोकरीतून निवृत्त होऊनही बरेच दिवस झाले होते, गुडघे कुरकुर करत होते, आणि लोक त्यांच्याकडे आता फक्त हरवलेली मांजरं आणि शेजाऱ्यांची भांडणं घेऊन येत. पण थोरलीचा तपास त्या काळी त्यांच्याकडे होता आणि तो लागला नव्हता. किल्लीवाल्यांना बघितलं की बाई एरवी रस्ता बदलत. आज बदलायला रस्ता नव्हता.

किल्लीवाल्यांनी रुमाल सोडला. “बाई, ती आली होती.”

बाईंनी किल्ली उलटसुलट पाहिली. पट्ट्यावर कुठल्याशा तरणतलावाचं नाव होतं, अर्धं पुसलेलं. पोहणारे लोक कपाटाची किल्ली मनगटाला बांधतात, तसला पट्टा.

“गेली तेव्हा हा पट्टा होता?”

“नव्हता. लाल दोरा होता, तिच्या आईने बांधलेला. म्हणजे ती मागाहून आली. आमच्या दाराशी आली, आणि किल्ली कुंडीत खुपसून परत गेली.”

“काखेत कळसा आणि गावाला वळसा,” बाई पुटपुटल्या. “आम्ही सगळी स्टेशनं पालथी घातली. अहो, मग पट्ट्यावर नाव आहे की! दोन फोन केले तर पत्ता लागेल.”

“नको.” किल्लीवाले इतक्या जोरात म्हणाले की बाई दचकल्याच. “आधी ती परत का गेली ते सांगा मला. ती गेल्यापासून दाराला आतून एकदाही कडी लावलेली नाही. लॅच बदललेला नाही. घराला रंग दिला तेव्हा रंगारी म्हणाला, दार नवं बसवा. मी नाही म्हटलं. का? तर तिच्याकडे किल्ली आहे. कुठल्याही वेळी येईल, बेल न वाजवता, कुणाला तोंड न दाखवता आत येईल. एवढं केलं, आणि ती दारातून परत गेली. म्हणजे तिला यायचंच नव्हतं. तसं असेल तर मी कुठल्या तोंडाने तिला बोलवायला जाऊ? आणि तसं नसेल...”

बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. बंद दारामागे काय झालं याचे तपास त्यांनी जन्मभर केले होते. दार उघडत असताना माणूस आत का आलं नाही, हे मात्र त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं.

२

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. आत शिरल्याबरोबर उजव्या हाताला लाकडी फळी आणि फळीला पाच खुंट्या. बाहेरून आलेल्या माणसाने चपला काढायच्या आधी किल्ली खुंटीला लावायची, हा किल्लीवाल्यांच्या घरचा नियम होता. इतर घरांत किल्ल्या हरवतात, त्यावर यांचं पोट चालत होतं. स्वतःच्या घरात ते हरवू देत नसत.

एक खुंटी रिकामी होती. एका खुंटीला लोकरीची विणलेली पिवळी पिशवी लटकत होती.

“वहिनीची,” आत्याबाई म्हणाल्या. किल्लीवाल्यांची ही विधवा बहीण थोरली जायच्या आधीपासून या घरात राहत होती, आणि बोलताना तिच्या जिभेला काही हाड नव्हतं. “काढू देत नाही दादा. गेलेल्या माणसाची किल्ली टांगून ठेवायची, पळालेल्या पोरीसाठी दार मोकळं ठेवायचं, आणि आम्ही जिवंत माणसांनी चोराच्या भीतीने रात्र काढायची!”

बाईंनी पिशवी हातात घेतली. आत किल्ली होती. पिशवीच्या तळाचे धागे ओढून ओढून त्यांची जाळी झाली होती. बाईंनी किल्ली बाहेर काढली तर एक पिवळा धागा तिच्याबरोबर आला.

“आत्याबाई, स्पष्ट विचारते. थोरली दारात आली असती आणि तुम्ही घरात असतात, तर तिला आत घेतलं असतंत?”

आत्याबाईंनी पदर खांद्यावर नीट घेतला. “तोंडावर चार शब्द सुनावले असते. मग जेवायला वाढलं असतं. मी वाईट बोलते बाई, उपाशी ठेवत नाही कुणाला.”

“ती गेली त्या दिवशी तुम्हीच दादांचे कान भरलेत म्हणे.”

“भरले. पोहायच्या स्पर्धेला परगावी जायचं म्हणत होती, चार दिवस, घरातलं कुणी बरोबर नाही. मी म्हटलं, आज स्पर्धा, उद्या काय? दादाने तिला खोलीत कोंडलं, दारात बसवलेल्या कुलपाला बाहेरून किल्ली फिरवली. आणि त्यानेच लहानपणी दोघींना कुलपं उघडायला शिकवलेलं! सकाळी बघतो तर कुलूप उघडं, पोरगी गायब.” त्या थांबल्या. “मला काय माहीत होतं, ती खरंच पोहायलाच जात होती.”

“त्यानंतर या दाराच्या किल्लीचं काही झालं? कुणाची हरवली, मोडली?”

“काय होणार? माझीच तेवढी एकदा अडली होती. लेकीच्या बाळंतपणाहून परत आले, तर किल्ली फिरेना. घंटा वाजवली. धाकटीने दार उघडलं, म्हणाली, आत्या, इतके दिवस वापरली नाहीस म्हणून अडली, दे, तेल घालून ठेवते. दुसऱ्या दिवसापासून लोण्यासारखी चालायला लागली. गुणाची आहे पोर.”

गुणाची पोर स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सोळा वर्षांची, बारीक, केस घट्ट बांधलेले. बहीण गेली तेव्हा ती दहा वर्षांची होती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं, आणि या घरात ताक म्हणजे ही मुलगी. शाळेत सोडायला आत्या, आणायला दुकानातला माणूस. मैत्रिणीच्या घरी जायचं नाही, सहलीला जायचं नाही. पुढच्या शिक्षणाला परगावचं वसतिगृह मिळत होतं, तिथेही नाही.

“तुला काय वाटतं गं?” बाईंनी विचारलं. “ताई दारातून का परत गेली असेल?”

“मला कसं माहीत असणार?” ती म्हणाली. मग उगाचच विचारलं, “किल्ली कुंडीत होती? नक्की आमच्याच कुंडीत?”

“हो.”

“आई रोज पाणी घालायची त्या कुंडीत,” असं म्हणून ती आत निघून गेली. बराच वेळ नळ वाहत राहिला, भांड्याचा आवाज मात्र आला नाही.

३

दुकान म्हणजे रस्त्याच्या वळणावरची एक टपरीवजा खोली. भिंतभर कोऱ्या किल्ल्या, एक यंत्र, आणि यंत्रापेक्षा जास्त चालणाऱ्या कानशी. तिथला कारागीर जाड भिंगांचा चष्मा लावायचा म्हणून सगळे त्याला चष्म्या म्हणत. वय तिशीच्या पुढे, अजून सडाफटिंग.

बाईंना बघून त्याने कानस खाली ठेवली नाही.

“या. परत मीच का?”

“नुसतं विचारायला आले.”

“मागच्या वेळीही नुसतं विचारायलाच नेलं होतं. ‘मुलगा कोण?’ एवढंच विचारत होता तुम्ही. मुलगी गेली म्हणजे मुलगा असणारच. आणि दुकानात मुलगा मी एकटा.” तो खाच घासत राहिला. “माझं लग्न ठरलं होतं तेव्हा. ते लोक म्हणाले, पोलिसांनी उगीच नाही नेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. ती पळाली आणि माझं घर बसायचं राहून गेलं.”

“चुकलं माझं,” त्या म्हणाल्या. हे त्यांनी सहा वर्षांपूर्वीच म्हणायला हवं होतं, आणि दोघांनाही ते ठाऊक होतं.

चष्म्याने घासलेली किल्ली फुंकली, बारीक पॉलिश कागदावरून चार वेळा फिरवली आणि खिळ्याला बांधलेल्या सुताच्या लडीतून ओढली. किल्ली सुळकन बाहेर आली.

“हे काय?”

“धार काढली. घासल्यावर खाचेला बारीक धार राहते. ग्राहकाचं बोट कापतं, खिशाचं अस्तर फाटतं. सुतात अडकली तर मालक किल्ली दुकानाबाहेर जाऊ देत नाहीत. शिकवतातही ते अगदी शेवटी. आधी खाच घासायची, मग लॅच खोलून त्या खाचांवर टेकणाऱ्या बारीक पिना बसवायच्या, आणि हात बसला की मग धार. मला धार शिकवली तेव्हा तोंड गोड केलं होतं त्यांनी माझं. धार आली म्हणजे कारागीर झालास म्हणाले.”

“मुलींनाही शिकवलं होतं ना?”

“थोरलीला सगळं आलं. तिचा हात माझ्यापेक्षा हलका. धाकटी तेव्हा शिकतच होती, इथे या स्टुलावर बसून पिना बसवायची. थोरली गेली आणि मालकांनी तिचं दुकानात येणं बंद केलं. म्हणाले, एकीच्या हातात कला दिली, तिने त्याच कलेने माझंच कुलूप उघडलं. आता पुरे.” चष्म्याने पहिल्यांदाच वर पाहिलं. “रडली होती खूप. पण सुक्याबरोबर ओलंही जळतं, नाही का?”

“थोरली दाराशी येऊन परत गेली. का गेली असेल?”

“ते मला विचारू नका. पण एक सांगतो. ती घाबरून परत जाणाऱ्यातली नव्हती. इथवर आली, जिना चढली, म्हणजे किल्ली लावूनच बघितली असणार तिने.”

बाई उठता उठता पुन्हा बसल्या. त्यांच्या हातातल्या रुमालात ती किल्ली होती. सकाळपासून ती त्यांनी सगळ्यांना दाखवली होती. किल्लीवाल्यांनी ती छातीशी धरली होती, पुसली होती, तिच्याकडे बघून डोळे पुसले होते. पण एक साधी गोष्ट कुणीच केली नव्हती, आणि ती न करणाऱ्यांत एक फौजदारही होती.

४

“लावून काय बघायची?” किल्लीवाले म्हणाले. “माझ्या हातची किल्ली, माझ्या हातचा लॅच. डोळे मिटून लागेल.”

“मग मिटा डोळे,” बाई म्हणाल्या, आणि दाराबाहेर उभं राहून त्यांनी थोरलीची किल्ली लॅचमध्ये घातली.

किल्ली आत गेली. फिरली नाही.

किल्लीवाल्यांचा चेहरा उतरला. मग लगेच, बुडत्याने काडी धरावी तसं म्हणाले, “मातीने खाल्ली असेल. इतकी वर्षं ओल लागली.” त्यांनी किल्ली तेलाच्या फडक्याने पुसली, स्वतः लावली, हलक्या हाताने, मग जड हाताने. किल्ली फिरली नाही.

“वहिनींची किल्ली द्या,” बाई म्हणाल्या.

त्यांनी दोन्ही किल्ल्या एकीवर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरल्या. एकाच माणसाने एकाच दिवशी घासलेल्या त्या किल्ल्या, शेंड्यापासून मुठीपर्यंत जुळ्या. फक्त तिसरी खाच सोडून. आईच्या किल्लीची तिसरी खाच तांदळाच्या कणीएवढी जास्त खोल होती.

“तुमची बघा. आत्याबाईंची बघा.”

सगळ्यांची तिसरी खाच तशीच खोल होती. घरातल्या सगळ्या किल्ल्या बदलल्या होत्या, फक्त बाहेर गेलेली एक सोडून. किल्लीवाल्यांनी स्वतःच्या जुडग्यातली ती किल्ली अंगठ्याने चाचपली. रोज दोनदा ती लॅचमध्ये घालणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे बघत होता. दुनियेच्या किल्ल्या भिंगाखाली धरणाऱ्याच्या घरी दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

“कुणीतरी लॅच खोलून आत लांब पिन बसवली,” ते अगदी हळू म्हणाले. “आणि आमच्या किल्ल्या त्या पिनेपुरत्या घासल्या. म्हणजे आम्हाला कळू नये, आणि तिची किल्ली तेवढी...” ते जिन्याच्या त्याच पायरीवर बसले. “बाई, तिला मी शिकवलंय हो. किल्ली आत जाते आणि फिरत नाही म्हणजे काय, हे तिला कुणी सांगावं लागत नाही. तिला वाटलं असेल, बापाने लॅच बदलला.”

५

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बसवलं. किल्लीवाले, आत्याबाई, दुकान बंद करून आलेला चष्म्या, आणि भिंतीला टेकून उभी धाकटी.

“हे काम कोण करू शकतं?” बाईंनी सुरुवात केली. “किल्लीवाले करू शकतात. पण त्यांना हे करायचं असतं तर त्यांनी रोज कडी काढून ठेवली नसती. चष्म्या करू शकतो, आणि थोरलीवर राग धरायला त्याच्याकडे कारणही आहे.”

“बघा, आलं का परत माझ्यावर?”

“नाही आलं. वहिनींच्या पिशवीचे धागे ओढले गेलेत. ती किल्ली सुतात अडकते. जुडग्यातली अडकते, आत्याबाईंचीही अडकते, काल मी रुमालाला लावून बघितलं. तिसऱ्या खाचेची धार कुणी काढलेलीच नाही. चष्म्याने झोपेत घासली तरी तो धार काढल्याशिवाय ठेवणार नाही. म्हणजे हा हात अशा माणसाचा आहे, ज्याला खाच घासता येते, पिना बसवता येतात, पण धार काढायला कुणी शिकवलेलं नाही. ज्याचं शिकणं मधेच तुटलं.”

आत्याबाईंना राहवलं नाही. “अहो पण कधी? किल्ल्या तर सगळ्यांच्या अंगावर.”

“घरात असलं की खुंटीवर. आणि तुमची एक किल्ली घरात नव्हती, आत्याबाई, तुम्ही लेकीकडे होतात. परत आलात तर अडली. तेलाने लॅच सैल होतो; पण लॅच बाकी सगळ्यांना नीट चालत होता, अडत होती फक्त तुमची किल्ली. तिला तेल नाही, कानस लागली. तुमची किल्ली त्या रात्री ज्याच्याकडे होती...”

“बस करा बाई,” धाकटी म्हणाली. “मी सांगते.”

ती भिंत सोडून पुढे आली. तिचा आवाज कापत नव्हता. इतकी वर्षं मनात घोकलेलं ती बोलत होती.

“मी बारा वर्षांची होते. तुम्ही सगळे म्हणायचात, ताई कुणाच्या हाती लागली असेल कोण जाणे. आत्या म्हणायची, बाहेर राक्षस बसलेत, तुलाही उचलून नेतील. आणि बाबा कडी लावायचे नाहीत. मला वाटायचं, ज्याने ताईला नेलं त्याच्याकडे आमची किल्ली आहे. तो दार उघडून सरळ आत येईल. मी रोज जागी असायचे. बाबांना ताप आला होता, तेव्हा दुपारी आत्याची सोडून सगळ्यांच्या किल्ल्या खुंटीवर होत्या. आम्हाला खेळायला दिलेल्या डबीत जुन्या पिना होत्या.”

“मला सांगायचंस की गं,” किल्लीवाले म्हणाले.

“कसं सांगणार? कडी लावा म्हटलं की तुम्ही म्हणायचात, ताई आली तर?” ती थांबली, आणि मग जे बोलली ते घोकलेलं नव्हतं. “भीती होती, पण नुसती भीती नव्हती, बाबा. रागही होता. ती गेली आणि या घरात मी उरलेच नाही. तुम्ही दाराकडे तोंड करून जेवायचात. पळाली ती, आणि कोंडलं मला.”

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला.

“ती आली त्या दिवशी तू घरात होतीस,” बाई हळूच म्हणाल्या. हे त्यांनी सिद्ध केलेलं नव्हतं. काल ती नळ सोडून उभी राहिली, तेव्हा त्यांच्या मनात आलं होतं.

धाकटीने मान हलवली. “परीक्षेची सुट्टी होती. आई बाजारात गेली होती, आत्या झोपली होती. लॅचमध्ये किल्ली खुडबुडली. मला वाटलं, तो आला. मी दाराला चिकटून उभी राहिले, श्वास रोखून. भोकातून बघायची छाती झाली नाही. मग पावलं खाली गेली. खिडकीतून बघितलं तर ताई रस्ता ओलांडत होती. चालण्यावरून ओळखलं. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.”

“मग?” चष्म्याने विचारलं.

“नाही मारली.”

किल्लीवाल्यांचे हात मांडीवर पडून होते. बाईंना वाटलं आता हा माणूस ओरडेल, कदाचित हात उचलेल. किल्लीवाल्यांनी विचारलं ते भलतंच.

“धार का नाही काढलीस?”

“ती तुम्ही शिकवलीच नव्हती.”

किल्लीवाले उठले, दाराकडे तोंड करून उभे राहिले, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी वळून धाकटीकडे बघितलं. “खरंय,” ते म्हणाले. “मीच बंद केलं.”

मग त्यांनी पेचकस मागितला. धाकटीने कपाटाच्या तळातून खेळण्यातली डबी आणली. जुनी पिन तिने टाकली नव्हती. किल्लीवाल्यांनी लॅच खोलला, लांब पिन काढली, जुनी बसवली. आता थोरलीची किल्ली अल्लद फिरली आणि घरातल्या बाकी सगळ्या किल्ल्या फुकट गेल्या. घासून गेलेलं पितळ परत येत नसतं.

“आता आम्ही आत कसं यायचं?” आत्याबाई म्हणाल्या.

“घंटा वाजवून. ती येईपर्यंत.” त्यांनी थोरलीची किल्ली धाकटीच्या हातात ठेवली. “बाईंबरोबर जा. तू दे तिला.”

धाकटी त्या घरातून कुणाचा हात न धरता बाहेर पडली, ती ही पहिलीच वेळ.

६

पट्ट्यावरच्या नावाने खरंच दोन फोनांत पत्ता दिला. दुसऱ्या एका शहरातल्या तरणतलावाच्या कडेला, ओल्या फरशीवर उभी राहून एक तरुण बाई लहान मुलींना पाण्यावर तरंगायला शिकवत होती. “अंग सैल सोडा, पाणी धरून ठेवतं,” ती ओरडून सांगत होती. खांदे रुंद झाले होते, आवाज मोठा झाला होता, बाकी किल्लीवाल्यांचंच नाक.

तिने बहिणीला ओळखलं नाही. किल्ली ओळखली. आणि किल्ली बघून तिचा चेहरा इतका बंद झाला की बाईंना पुढे व्हावंसं वाटलं. पण हे काम त्यांचं नव्हतं.

“ही परत कशाला आणलीस?” थोरली म्हणाली. “ती लागत नाही. मी लावून बघितली होती.”

“आता लागते. बाबांनी नव्हता बदलला लॅच.”

“खोटं बोलू नकोस. बाबा दारामागे उभे होते.” तिचा आवाज खाली आला. “मला श्वास ऐकू आला होता. मी दाराला कान लावला होता. वाटलं, एवढं जवळ उभे आहेत, उघडतील. खूप वेळ थांबले मी. घंटा वाजवायला बोट उचललं आणि मनात आलं, ज्याने लॅच बदलला आणि जो आत उभा राहून ऐकतोय, त्याच्या घराची घंटा काय वाजवायची.”

धाकटी रडत होती. “ती मी होते, ताई. लॅचही मीच बदलला होता.”

थोरली तिच्याकडे बघत राहिली. दहा वर्षांची मुलगी ती मनात ठेवून होती; तिला मोठी व्हायला आणि घाबरायला मागे एकटीला सोडून आपण आलो, हे तिला बहुधा त्या क्षणी समोर दिसलं. तिने ओल्याच हातांनी बहिणीला जवळ ओढलं. तलावातल्या पोरी खिदळायच्या थांबल्या.

“मला वाटलं होतं, मी गेले की तुला माझी खोली मिळेल,” ती म्हणाली. “आणखी काय होईल ते डोक्यातच आलं नाही गं.” मग बऱ्याच वेळाने, बहिणीच्या डोक्यावरून हात न काढता तिने विचारलं, “आई काय म्हणाली? लॅच तू बदललास हे कळल्यावर?”

धाकटीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी नोकरीत असताना पुष्कळ घरांत ही बातमी नेली होती, पण धाकटीने त्यांना बोलू दिलं नाही. तीच बोलली. गेल्या वर्षी, साधा आजार, उशिरा कळला. शेवटपर्यंत कुंडीला पाणी घालत होती.

थोरली फरशीवर खाली बसली. लॅच फिरला असता तर आई दोन अडीच वर्षं तरी तिच्या वाट्याला आली असती. हा हिशेब तिथे कुणी तोंडाने केला नाही.

७

ती आली तेव्हा टळटळीत दुपार होती. बाई गुडघ्यांचं निमित्त करून पहिल्या मजल्यावरच थांबल्या, पण मान वर करून बघायला गुडघे लागत नाहीत.

दार बंद होतं. किल्लीवाल्यांनी सक्त सांगून ठेवलं होतं, कुणी उघडायचं नाही, ती उघडेल. आत तीन माणसं श्वास रोखून उभी असणार, हे बाहेरच्या दोघी बहिणींना ठाऊक होतं. थोरलीने रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं, जिथे कुंडी होती. मग किल्ली लावली. ती फिरली.

आत कुणी भाषण केलं नाही. आत्याबाईंनी चार शब्द सुनावायचे म्हणून तोंड उघडलं आणि “जेवलीस का?” एवढंच विचारलं. चष्म्याने चष्मा पुसायला घेतला. किल्लीवाले लेकीच्या मनगटावरच्या निळ्या पट्ट्याकडे बघत होते.

“मला संध्याकाळी परत जायचंय, बाबा,” ती म्हणाली. “उद्या मुलींचा वर्ग आहे.”

याच माणसाने एकदा तिच्या खोलीला बाहेरून कुलूप घातलं होतं. बाई दाराशी येऊन उभ्या होत्या, त्यांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं.

“जा,” किल्लीवाले म्हणाले. “किल्ली घेऊन जा. फक्त थोडा वेळ दे, तिच्यावरून बाकीच्यांच्या घासून घेतो.”

त्यांनी खिडकीपाशी पाट घेतला, कानस काढली, कोऱ्या किल्ल्या काढल्या. पहिली किल्ली घासून झाल्यावर त्यांनी धाकटीला हाक मारली. “ये, बस इथे. आता धार काढायची. ही वसतिगृहात न्यायची किल्ली आहे, नीट काढ.”

धाकटी बसली. पॉलिश कागदावरून किल्ली कशी फिरवायची ते त्यांनी तिचा हात धरून दाखवलं. मग तपासायला सूत हवं होतं, आणि सूत दुकानात राहिलं होतं. थोरली फळीपाशी गेली. आईची किल्ली तिने खुंटीवर तशीच राहू दिली, पिवळी पिशवी तेवढी काढून आणली. धाकटीने किल्ली पिशवीत घातली आणि हळूच बाहेर ओढली. एकही धागा बाहेर आला नाही.

“जमलं,” किल्लीवाले म्हणाले, आणि दुसरी किल्ली घासायला घेतली.